डेबियन आणि एलव्हीएम: पहिल्याच दिवशी सगळी जागा वाटून टाकू नका

लिनक्स नव्याने बसवणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. सहा महिने सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी अपडेट घेताना ‘डिस्कवर जागा नाही’ असा निरोप येतो. पाहावे तर होमच्या कप्प्यात दीडशे जीबी मोकळी पडलेली आणि मूळ सिस्टीमच्या कप्प्यात एक थेंबही शिल्लक नाही. साध्या पार्टिशनच्या भिंती पक्क्या असतात. एकीकडची जागा दुसरीकडे द्यायची म्हणजे भिंत पाडायची, आणि ते करताना डेटा जाण्याची भीती असते.

यावरचा उपाय म्हणजे एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला तो एका वाक्यात कळेल. दोन-तीन बोअरचे पाणी आधी एका शेततळ्यात सोडायचे आणि तिथून पाइप टाकून प्रत्येक प्लॉटला हवे तेवढे द्यायचे. बोअर म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, शेततळे म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप आणि प्लॉटला गेलेले पाणी म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. कोणत्या बोअरचे पाणी कोणत्या प्लॉटला गेले याची फिकीर प्लॉटने करायची नसते. पण शेततळ्यात पाणी शिल्लक ठेवले तरच गरजेच्या वेळी ते देता येते, आणि नवे लोक नेमके इथेच चुकतात. या लेखातली बाकीची प्रत्येक पायरी विसरलात तरी सहाव्या पायरीतली मोकळी जागा ठेवायला विसरू नका.

पुढचे सगळे डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारासाठी आहे. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. डेबियन १२ मध्येही पायऱ्या जवळपास याच आहेत.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरे रोमन आणि आकडेही रोमनच हवेत. लहान-मोठ्या लिपीचा फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे तसे सांगितले आहे. पाथमध्ये ‘डेव्ह’ हा शब्द आला की तो डी, ई, व्ही या तीन अक्षरांचा समजा.

आधी हे ठरवा: विंडोज काढायचे की ठेवायचे?

मार्केट यार्डातल्या पेढीचे हिशेब टॅलीवर असतील तर त्या मशीनवरून विंडोज काढू नका. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, लिनक्सवर ते थेट चालत नाही. हळदीचे सौदे ऐन भरात असताना हे लक्षात आले तर फार महागात पडते. तसेच श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली मराठी कागदपत्रे लिनक्समध्ये उघडल्यावर अगम्य अक्षरे दिसतात. अशा फायली विंडोज हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कॉलेजचा लॅपटॉप, घरचा जुना डेस्कटॉप किंवा प्रोग्रॅमिंग शिकण्याचे मशीन असेल तर मात्र बिनधास्त पुढे जा.

काय काय लागेल

- ६४ बिटचा संगणक, शक्यतो ४ जीबी किंवा जास्त रॅम. डेबियन १३ चा इन्स्टॉलर ३२ बिटच्या जुन्या मशीनसाठी येत नाही.
- किमान ४ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यावरचे सगळे पुसले जाईल.
- बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क. पेनड्राइव्ह आणि बॅकअप एकच चालणार नाही.
- इंटरनेट. नेटइन्स्टॉल इमेज १ जीबीच्या आत असते, पण डेस्कटॉपची पॅकेजेस नंतर नेटवरून उतरतात. मोबाइल डेटावर करणार असाल तर दिवसाचा कोटा मध्येच संपू शकतो, हे धरून चाला.
- लॅपटॉपला चार्जर, डेस्कटॉपला यूपीएस. एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग भरून आले असतील तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. पार्टिशनचे तक्ते लिहिले जात असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क हाती राहते.
- कागद आणि पेन. वाटणी आधी कागदावर करायची आहे.

१. बॅकअप घ्या आणि विंडोजची किल्ली लिहून ठेवा

बॅकअप म्हणजे फायली दुसऱ्या डिस्कवर घेऊन, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून, दोन-चार फायली उघडून पाहणे. उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे म्हणू नका. आणि ती डिस्क ठेवायची कुठे याचाही विचार करा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी कुठवर आले हे सांगलीकराला सांगायला नको. गावभागात किंवा मारुती चौकाकडे तळमजल्यावर राहत असाल तर बॅकअपची डिस्क त्याच तळमजल्याच्या कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. ती वरच्या मजल्यावर किंवा मिरजेच्या नातेवाइकांकडे ठेवा.

विंडोज ठेवणार असाल तर तीन गोष्टी विंडोजमध्येच उरका. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते. पॉवर ऑप्शन्समधला फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर लिहिताना गडबड होते. आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसून मोकळी जागा करा. हे आक्रसणे विंडोजकडूनच करून घेणे सगळ्यात सुरक्षित.

२. इमेज उतरवा आणि तिची खातरजमा करा

डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून एएमडी६४ ची नेटइन्स्टॉल इमेज घ्या. नावात एएमडी असले तरी ती इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरवरही चालते. इथे बरेच जण अडखळतात. डेबियन १२ पासून वायफायसाठी लागणारे फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच असते, त्यामुळे जुन्या लेखांत सांगितलेली वेगळी इमेज शोधत बसू नका.

इमेजशेजारीच एसएचए५१२ बेरजांची फाइल असते. बेरीज म्हणजे फायलीच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण. विंडोजमध्ये सर्टयूटिल आणि लिनक्समध्ये एसएचए५१२सम या आज्ञेने तुमच्या फायलीची बेरीज काढा आणि ताडून पाहा. नेट अडखळत असेल तर अर्धीमुर्धी उतरलेली इमेज नवलाची नाही, आणि तिची चूक इन्स्टॉलच्या ऐन मध्यावर उघडी पडते.

३. पेनड्राइव्ह तयार करा

इमेजची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. विंडोजवर रूफस वापरा आणि विचारल्यास डीडी इमेज मोड निवडा. लिनक्सवर असाल तर इमेज थेट पूर्ण डिव्हाइसवर लिहा, म्हणजे एसडीबी वर. एसडीबी१ वर नाही, ते पार्टिशन झाले. आधी एलएसबीएलके ही आज्ञा देऊन आकारावरून पेनड्राइव्ह कोणता ते ओळखा. इथे एका अक्षराची चूक झाली तर आतली डिस्क पुसली जाते.

४. फर्मवेअरची सेटिंग

मशीन सुरू होताच बूट मेनूची कळ दाबायची: डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एस्केप किंवा एफ८. मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या नावाआधी यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करण्याची नवी पद्धत, लिहिले आहे तो निवडा. विंडोज यूईएफआयमध्ये आणि डेबियन जुन्या लेगसी पद्धतीने बसले तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टीम निवडायला देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूतून विंडोज सुरू होत नाही. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, डेबियन त्यासह चालते.

इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नसेल तर दोष बहुधा स्टोरेज कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये असतो. काही लॅपटॉपमध्ये ते इंटेल रॅपिड स्टोरेज किंवा रेडवर असते, ते एएचसीआय करावे लागते. पण विंडोज ठेवलेले असेल तर हा बदल थेट करू नका, विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग सेटिंग बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि मग सेफ मोड काढा.

५. सुरुवातीचे प्रश्न

ग्राफिकल इन्स्टॉल निवडा. इन्स्टॉलर मराठीतही चालतो, पण पहिल्या वेळी इंग्रजी ठेवलेले बरे. अडलात तर निरोपातले शब्द जसेच्या तसे शोधता येतात. देश भारत निवडला की वेळ आपोआप कोलकात्याची येते, ती बरोबर आहे.

वायफाय ओळखले गेले नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा इन्स्टॉलर त्याला साधे नेटवर्क कार्ड समजतो.

रूटचा, म्हणजे प्रशासक खात्याचा, पासवर्ड विचारणारा पडदा आला की दोन्ही रकाने कोरे सोडा. मग पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याचा, अधिकार मिळतो. रूटला पासवर्ड दिलात तर तो मिळत नाही, आणि पहिल्याच दिवशी ‘तुम्ही सुडोच्या यादीत नाही’ असे ऐकावे लागते.

६. डिस्कची वाटणी

सगळा जीव इथे आहे, म्हणून सावकाश करा.

सोपा मार्ग असा: संपूर्ण डिस्क वापरून एलव्हीएम लावणारा गाइडेड पर्याय निवडायचा. डिस्क निवडताना आकार आणि मॉडेल वाचा. यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो. नंतर होम वेगळे ठेवायचे का विचारतात, हो म्हणा. मग तो कळीचा प्रश्न येतो: व्हॉल्यूम ग्रुपपैकी किती जागा वापरायची? रकान्यात आधीच पूर्ण आकडा भरलेला असतो आणि दहापैकी नऊ जण तो न वाचता पुढे जातात. तो आकडा खोडा आणि ६० टक्के किंवा १५० जीबी असे लिहा. उरलेली जागा शेततळ्यात राहील.

विंडोज ठेवायचे असेल तर हा मार्ग नको, तो संपूर्ण डिस्क पुसतो. तेव्हा, आणि आकडे आपल्या मनासारखे हवे असतील तेव्हाही, मॅन्युअल निवडा. वीस मिनिटे जास्त जातात, पण एलव्हीएम खऱ्या अर्थाने कळते. २५६ जीबीच्या एसएसडीसाठी ही वाटणी धरा:

- ईएफआय पार्टिशन: १ जीबी, एलव्हीएमच्या बाहेर
- बूट (सिस्टीम सुरू करणाऱ्या फायली): १ जीबी, एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम), एलव्हीएमच्या बाहेर
- उरलेले सुमारे २५४ जीबी: एलव्हीएमसाठी फिजिकल व्हॉल्यूम
  - रूट (मूळ सिस्टीमचा कप्पा): ४० जीबी
  - स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा): ८ जीबी
  - होम (तुमच्या फायलींचा कप्पा): १०० जीबी
  - सुमारे १०६ जीबी कोणालाच द्यायची नाही

ईएफआय बाहेर ठेवावेच लागते, कारण ते मदरबोर्डचे फर्मवेअर वाचते आणि त्याला एलव्हीएम कळत नाही. बूट आत ठेवूनही ग्रब चालू शकतो, पण बाहेर ठेवले की बिघाडाच्या वेळी सोडवणूक सोपी जाते. हायबरनेट वापरणार असाल तर स्वॅप रॅमपेक्षा कमी नको. विंडोज असेल तर त्याचेच ईएफआय पार्टिशन वापरा, नवे करू नका, आणि ते फॉरमॅट होणार नाही याची खात्री करा.

आता क्रम. रिकाम्या डिस्कवर प्रथम नवा पार्टिशन तक्ता तयार करा. मोकळ्या जागेवर जाऊन पहिली दोन पार्टिशन करा. तिसऱ्याला ‘यूज अ‍ॅज’ मध्ये एलव्हीएमचा फिजिकल व्हॉल्यूम असा वापर द्या. आता वरच्या बाजूला ‘कॉन्फिगर द लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’ अशी नवी ओळ उगवते. तिच्यावर गेलात की आतापर्यंतचे बदल डिस्कवर लिहू का विचारले जाते. इथे थांबून कागदाशी ताडा, कारण हो म्हटले की ते लिहिले जातात.

मग व्हॉल्यूम ग्रुप तयार करा. नाव मशीनवरून द्या. पुढच्या उदाहरणांत ते ‘सांगली’ आहे. नावात जोडरेघ नको. डिव्हाइस मॅपर जोडरेघ दुप्पट करून दाखवतो, आणि नंतर डेव्ह-मॅपरच्या फोल्डरमध्ये दोन-दोन रेघांची नावे पाहून गोंधळ उडतो. ऑफिसातल्या सगळ्या मशीनच्या ग्रुपला एकच नाव देऊ नका, हेही महत्त्वाचे. एकाची डिस्क काढून दुसऱ्याला लावली की एकाच नावाचे दोन ग्रुप समोरासमोर येतात आणि आधी एकाचे नाव यूयूआयडीवरून, म्हणजे प्रत्येक ग्रुपच्या वेगळ्या ओळखक्रमांकावरून, बदलत बसावे लागते.

ग्रुपमध्ये रूट, स्वॅप आणि होम हे तीन लॉजिकल व्हॉल्यूम करून फिनिश करा. परत मुख्य यादीत आलात की प्रत्येक व्हॉल्यूमचे शीर्षक आणि त्याखाली क्रमांक १ ची ओळ दिसेल. ती खालची ओळ निवडायची, शीर्षक नाही. तिथे रूट आणि होमला एक्स्ट४ आणि माउंट पॉइंट (तो कप्पा कोणत्या फोल्डरवर दिसेल ते), स्वॅपला स्वॅप एरिया असा वापर द्या. हे करायचे राहिले की इन्स्टॉलर ‘रूट फाइल सिस्टीम ठरवलेली नाही’ म्हणून अडतो. घाबरू नका, मागे जाऊन माउंट पॉइंट द्या.

एक्स्ट४च का? एक्स्ट४ चालू असतानाच वाढवता येते आणि अनमाउंट करून कमीही करता येते. एक्सएफएस वाढते, पण कमी करता येत नाही. नव्या माणसाने परतीची वाट असलेले निवडावे.

लॅपटॉप सोबत घेऊन फिरत असाल तर एन्क्रिप्शनसह एलव्हीएमचा पर्यायही विचारात घ्या. त्यात आधी डिस्कवर रँडम डेटा लिहिला जातो, मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागू शकतात. पासफ्रेज हरवला की डेटा गेला, दुसरा मार्ग नाही.

७. उरलेले इन्स्टॉल

मिरर, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात तो सर्व्हर, भारतातला किंवा डेबियनचा सर्वसाधारण ठेवा. डेस्कटॉप निवडताना ४ जीबी रॅमला एक्सएफसीई, ८ जीबी असेल तर जीनोम किंवा केडीई. स्पेसबारने निवड होते, एंटर दाबला की पडदा पुढे जातो. लेगसी मशीनवर ग्रब कुठे बसवायचा विचारले तर आतली डिस्क निवडा. पेनड्राइव्ह निवडला गेला तर तो काढल्यावर मशीन सुरूच होणार नाही.

८. पहिल्या लॉगिननंतर तपासा

टर्मिनल उघडून या तीन आज्ञा द्या:

सुडो पीव्हीएस
सुडो व्हीजीएस
सुडो एलव्हीएस

व्हीजीएसच्या ओळीत शेवटी व्हीफ्री हा रकाना आहे. वरच्या वाटणीत तिथे ९८-९९ च्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्य दिसला तर सगळी जागा वाटली गेली आहे. आत्ताच, डेटा भरण्याआधी, पुन्हा इन्स्टॉल केलेले परवडेल. १०६ चे ९९ कसे झाले? इन्स्टॉलर हजाराच्या पटीत मोजतो आणि या आज्ञा १०२४ च्या. म्हणूनच ४० जीबीचे रूट इथे ३७.२५ दिसते. जागा चोरीला गेलेली नाही.

९. जागा वाढवायची वेळ आली की

होम भरत आले, २० जीबी वाढवायची आहे. मशीन बंद करायची गरज नाही, फायली उघड्या असल्या तरी चालते:

सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +२०जी सांगली/होम

यात आर लहान लिपीतला आणि एल मोठ्या लिपीतला. तीन ठिकाणी लोक फसतात. आर विसरले तर व्हॉल्यूम वाढतो पण आतली फाइल सिस्टीम तेवढीच राहते, आणि डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या आज्ञेत फरक दिसत नाही. तेव्हा रिसाइझ२एफएस वेगळे चालवावे लागते. लहान लिपीतला एल दिला तर तो जीबी मोजत नाही, एक्स्टेंट मोजतो, आणि एक एक्स्टेंट सहसा ४ एमबीचा असतो. अधिकचे चिन्ह विसरले तर ‘२० ने वाढव’ ऐवजी ‘एकूण २० कर’ असा अर्थ होतो.

एका वेळी १०-२० जीबीच द्या. सगळी मोकळी जागा एकदम होमला देऊन टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. दिलेली जागा परत घेताना एक्स्ट४ अनमाउंट करावे लागते, आणि रूट असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून जावे लागते.

१०. दुसरी डिस्क जोडणे, जुनी काढणे

नवी डिस्क एसडीबी आहे असे एलएसबीएलकेने पक्के केल्यावर:

सुडो पीव्हीक्रिएट /डेव्ह/एसडीबी
सुडो व्हीजीएक्सटेंड सांगली /डेव्ह/एसडीबी

झाले, शेततळ्यात दुसरा बोअर जोडला गेला. पण एक धोका नीट समजून घ्या. होम आता दोन्ही डिस्कवर पसरू शकते, आणि दोन्हीपैकी एक जरी बिघडली तरी तो व्हॉल्यूम हातचा जातो. एलव्हीएम जागा एकत्र करते, डेटाची दुसरी प्रत आपणहून ठेवत नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्क आणि नवी एसएसडी कायमची एकत्र बांधू नका. फक्त बदलीसाठी एकत्र आणा. नवी जोडल्यावर पीव्हीमूव्हला जुन्या डिस्कचे फिजिकल व्हॉल्यूम सांगा, ते डेटा चालू मशीनवरच हलवते. मग व्हीजीरिड्यूस आणि पीव्हीरिमूव्हने जुनी सोडवा. ईएफआय आणि बूट मात्र एलव्हीएमच्या बाहेर असल्याने ते यात हलत नाहीत, जुनी डिस्क काढण्याआधी त्यांची सोय नव्या डिस्कवर करावी लागते.

पीव्हीमूव्हला तास-दोन तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर मशीन सुरू करून नुसते ‘सुडो पीव्हीमूव्ह’ म्हणा, पुढे काहीही न लिहिता. थांबलेले काम तिथून पुढे चालू होते.

११. मोठ्या अपग्रेडआधी स्नॅपशॉट

मोकळी जागा ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्नॅपशॉट, व्हॉल्यूमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती:

सुडो एलव्हीक्रिएट -एस -एल १०जी -एन जुने सांगली/रूट

इथे एस आणि एन लहान, एल मोठा. अपग्रेड बिघडले तर एलव्हीकन्व्हर्टच्या मर्ज पर्यायाने रूट जुन्या स्थितीला नेता येते. रूट वापरात असल्याने ते पुढच्या रीबूटला घडते. मात्र बूट वेगळ्या पार्टिशनवर आहे, स्नॅपशॉटमध्ये नाही. तिथे नवा कर्नेल आणि रूटमध्ये जुन्या कर्नेलची मॉड्यूल्स अशी जोडी जमत नाही. म्हणून बूटमधल्या फायलींची प्रत आधीच बाजूला काढा. एलव्हीएसमधला डेटा टक्के हा रकाना पाहत राहा: १०० झाले की स्नॅपशॉट निकामी होतो. काम भागले की तो एलव्हीरिमूव्हने काढून टाका, चालू ठेवला की लिहिण्याचा वेग मंदावतो.

मशीन सुरूच झाले नाही तर

त्याच पेनड्राइव्हवरून बूट करून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधला रेस्क्यू मोड घ्या. तो एलव्हीएम ओळखतो आणि कोणता व्हॉल्यूम रूट म्हणून वापरू ते विचारतो. सांगली-रूट निवडा आणि ग्रब पुन्हा बसवा. दुसऱ्या कुठल्या लाइव्ह सिस्टीमवरून पाहत असाल आणि व्हॉल्यूम दिसत नसतील तर ‘सुडो व्हीजीचेंज -एवाय’ म्हणा, दोन्ही अक्षरे लहान. मग ते माउंट करता येतात. ग्रुपच्या रचनेच्या नोंदी ईटीसी फोल्डरमधल्या एलव्हीएमच्या बॅकअप आणि आर्काइव्ह या फोल्डरांत आपोआप जपल्या जातात. डिस्क अजून धड आहे तोवर त्यांची एक प्रत बॅकअपच्या डिस्कवर टाकून ठेवा, कारण व्हीजीसीएफजीरिस्टोअरला हीच फाइल लागते आणि ती बिघडलेल्या ग्रुपच्या आत अडकून पडलेली असेल तर उपयोगाची नाही.